अर्धी गोळी

कामारिन्यासच्या धक्क्यावर विचारा कुणालाही,
आमारोचा उजवा हात थरथरायला लागला
ते साल सगळ्यांना पाठ आहे.
त्या साली कॉफी कपात कमी
आणि बशीत जास्त असायची.

मग लोरेइरो डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली.
पांढरी, मसुरीच्या डाळीएवढी,
मधोमध रेघ.
तिसऱ्या आठवड्यात त्यानं सुईत दोरा ओवला,
मुद्दाम खिडकीपाशी उभं राहून,
रस्त्यावरच्यांना दिसेल असा.
मी चर्चमध्ये मेणबत्ती लावायला गेले.
देवाच्या नावानं लावायची की गोळीच्या, ठरेना,
तेव्हा दोन लावल्या.

हात आला.
हातामागून जे आलं ते मला उशिरा दिसलं.

सुसोच्या बारमध्ये दाराशीच एक मशीन आहे,
चेरी, लिंबू, घंटा गरगरा फिरवणारं.
चाळीस वर्षं आमारो त्याच्याकडे पाठ करून प्यायला.
समुद्रावर काय कमी जुगार होतो, म्हणायचा.
आता बार उघडायच्या आधी
तो शटरपाशी हजर.
आधी सुटे पैसे. मग पेन्शन.
मग बिलबाओच्या बाईनं लेसच्या टेबलक्लॉथचे
रोख मोजून दिलेले, माझे, पिठाच्या डब्यातले.
मग होडी.
होडीवर हिरव्या रंगात माझं नाव होतं, दोसिंदा.
मुरोसच्या माणसानं ते खरवडून काढलं म्हणे.

मी ओरडले. बशी आपटली.
त्यानं खाली बसून तुकडे वेचले,
बारीक टवकेसुद्धा,
इतक्या स्थिर हातानं
की मला रडू आलं ते नक्की कशाचं,
अजून सांगता येत नाही.

गोळ्यांच्या खोक्यात एक कागद असतो,
नकाशासारखा घडी घातलेला,
त्यावर मुंग्यांची रांग.
लेसचे टाके मोजायचं भिंग घेतलं आणि वाचत बसले.
मळमळ. दिवसा झोप. नसलेली माणसं दिसणं.
उचकी.
आणि उचकीच्या वरच, तेवढ्याच साध्या अक्षरात,
जुगार खेळण्याची अनावर इच्छा.
म्हणजे कुणाला तरी ठाऊक होतं.
कुणीतरी हे टाइप करून, उचकीशेजारी बसवून,
घरी जेवायला गेलं होतं.

बाई म्हणाल्या, अर्धी करू. हळूहळू.

आता रोज सकाळी पावाच्या सुरीनं
मी रेघेवर गोळी तोडते.
हात पुन्हा थरथरतो.
मशीन तो विसरला, खरंच विसरला,
ताप उतरल्यावर मूल आपली बडबड विसरतं तसा.
होडीचं मात्र विसरला नाही.

काल दिवा मालवल्यावर म्हणाला,
धुक्यात, इंजिन बंद पडलेलं,
खडकांमधून वल्ही मारत
मी तुझ्या गावी आलो होतो मागणी घालायला.
सगळे नको म्हणत होते.
तो मी होतो का, दोसिंदा?
की तेव्हाही डोक्यात कसलीतरी
अर्धी गोळी जास्तच होती?

झोप, म्हटलं मी.
मग मीच जागी राहिले.

दुपारी तो माझ्या उशीपाशी बसतो,
लेसच्या कांड्या धरतो.
थरथरीनं त्या एकमेकींवर वाजतात,
लाकडीच, पण पैसे सांडल्यासारख्या.
आम्ही दोघंही ते ऐकतो
आणि हवामानाबद्दल बोलतो.

परवा सुरीवर राहिलेली पांढरी धूळ
मी बोटानं टिपली, चाटली.
काही झालं नाही.
त्या दिवशी नमुन्यात नसलेलं
एक फूल तेवढं लेसमध्ये पडलं.
मी उसवलं नाही.